उंच चाकांचा श्रावण

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या मुलानं यंदा पिकअप घेतली. नुसती घेऊन थांबला असता तर तो आजकालचा मुलगा कसला. कुठल्याशा गॅरेजात नेऊन त्यानं ती वीतभर उंच करून आणली आणि तिला माझ्या कमरेला लागतील एवढे टायर बसवले. आमच्या उमेळ्यात, वसईजवळ, पाणी साचलं की बाकीच्यांच्या गाड्या पार्किंगमध्ये केविलवाण्या उभ्या राहतात आणि हा पठ्ठ्या खिडकीबाहेर कोपर काढून रस्त्याच्या मधोमध निघतो. परवा मला फाटकाशी उभी बघून थांबला. स्टेशनला सोडू का आंटी, म्हणाला. मी दार उघडलं, आत पाहिलं, म्हणजे वर पाहिलं, आणि दार पुन्हा लावलं. म्हटलं, जा बाबा तू, मी रिक्षानं जाते. त्याला वाटलं म्हातारी घाबरली. मग त्यानं गाडी बंद करून मला उंच गाडीचे फायदे समजावून सांगितले. खालचे स्प्रिंगचे पाटे वाढवलेत, मडगार्ड कापलंय, मोठं चाक पाण्यातून कसं सरळ जातं. मी मान डोलवत ऐकून घेतलं. यातलं एकूण एक मला ठाऊक आहे असं सांगितलं असतं तर बिचाऱ्याचा हिरमोड झाला असता.

श्रावण अर्धा सरला की माझं असंच होतं. एरवी मी बरी असते. पेन्शन, टीव्ही, गुडघ्याचे व्यायाम, सगळं वेळच्या वेळी. पण फाटकाशी फुलवाली बसायला लागली, तिच्या टोपलीतला सोनचाफा केळीच्या पानात गुंडाळलेला दिसला, की माझे हात उगाच शिवशिवायला लागतात. दुर्वांची जुडी मी विकत घेते आणि घरी येऊन सोडून पुन्हा बांधते. आजकाल जुड्या बांधतात की गवत कोंबतात, काही कळत नाही. तीन पात्यांची दुर्वा वेगळी काढायची, मुळाकडची बाजू सारखी करायची, केळीच्या सोपटाच्या दोऱ्यानं दोन वेढे द्यायचे. एवढं सोपं काम आहे. पण कोणाला सांगणार?

आम्ही निर्मळचे. आता मी उमेळ्यात फ्लॅटमध्ये राहते ही गोष्ट वेगळी. निर्मळला आमची वाडी होती: केळी, जास्वंद, तगर, सोनचाफ्याची झाडं, बांधावर अळू. बाहेरच्यांना श्रावण म्हणजे सण, उपास, गोडधोड. आमच्याकडे श्रावण म्हणजे हंगाम. लोकांच्या देवांना काय काय लागतं ते सगळं आमच्या चिखलातून जायचं. पत्री, दुर्वा, केळीची पानं, केवडा. आणि ही नुसती आमच्यासारख्या हिंदू घरांची गोष्ट नव्हे. आमच्या शेजारच्या वाड्या ख्रिस्ती कुटुंबांच्या. रविवारी चर्चला जाऊन आल्या की त्या घरच्या बायका सोमवारच्या बेलाच्या तयारीला बसायच्या. हरतालिकेच्या पत्रीत कोणती पानं हवीत हे फिलूबायला जितकं पाठ होतं तितकं माझ्या मावशीलाही नव्हतं.

फिलूबाय ही आईची बाजारातली जोडीदारीण. नालासोपारा स्टेशनबाहेर तेव्हा सकाळचा बाजार भरायचा, अजूनही काहीतरी भरतं म्हणा. तिथे पिंपळाखाली दोघींच्या जागा शेजारीशेजारी होत्या. फिलूबायच्या घरची बोली वेगळी, आमची वाडवळी वेगळी. बाजारात बसून दोघी एक तिसरीच भाषा बोलायच्या, ती त्या दोघींनाच यायची. कोणाच्या लेकीचं जमलं, कोणाची सून रुसली, सगळा तालुका त्या दोन टोपल्यांच्या मधून जायचा. घरी आई कमी बोलणारी बाई. बाजारात मात्र तिचा आवाज वेगळा लागायचा. गिऱ्हाईक तिला नावानं ओळखायचं. एक शाळेतल्या बाई तर दर सोमवारी तिच्याच हातचा चाफा घ्यायच्या आणि तिथेच केसात माळून पुढे जायच्या. मला लहानपणी वाटायचं की माझ्या दोन आया आहेत, एक घरातली आणि एक पिंपळाखालची. पिंपळाखालची मला जास्त आवडायची.

त्या जागेला कागद नव्हता, पावती नव्हती. जो बसतो त्याची जागा, असा रिवाज. बाळंतपण, मयत, आजार, एवढ्यापुरती शेजारीण गोणपाट पसरून जागा राखायची. त्यापलीकडे राखली तर बाजार तिलाच बोल लावायचा. आणि मुलीचं बसणं कोणी धरत नसे. लेक बसली तर लोक म्हणायचे, बाई थकली वाटतं, आणि लेक काय, आज आहे, उद्या सासरी. हे मी ऐकीव सांगत नाही. आई घरी बसली त्या वर्षी मी वसईच्या कॉलेजात होते आणि आईच्या ऐवजी मध्येमध्ये बसून पाहिलं. येईल तो विचारायचा, आई कुठाय? मी घरी आहे म्हटलं की फुलांना हात न लावता पुढे.

आई घरी का होती, ते सांगते.

आमच्याकडे मागे माल भरायला हौदा असलेली जुनी जीप होती. बाबांनी ती कुठूनतरी मिळवली होती आणि तिच्यावर त्यांचा एवढा जीव होता की आई तिला सवत म्हणायची. सकाळी माल भरायचा, बाबा गाडी चालवणार, आई शेजारी, मी मागे टोपल्यांत. कोरड्या दिवसांत काही प्रश्न नव्हता. पावसाळ्यात गास गावाच्या पुढे खाजणात, खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीत, रस्ता बुडायचा. भरतीला पाऊस असला तर रस्ता कुठे आणि खाजण कुठे ते बाजूच्या खांबांवरून ओळखायचं. पाणी सायलेन्सरात शिरायचं, इंजिन दोनदा खोकायचं आणि गप्प बसायचं. मग आम्ही पाण्याच्या मधोमध, चारी बाजूंना बेडूक, आणि मागे टोपल्यांत काळी पडत चाललेली जास्वंद. जास्वंदीला थांबायची सवय नसते. एका सोमवारी सगळा माल तिथेच खाजणात ओतून आम्ही परत आलो. पाण्यावर लाल फुलं पसरली, ती सुंदर दिसत होती आणि बाबा त्यांच्याकडे पाठ करून रिकाम्या टोपल्या हौद्यात फेकत होते. त्या आठवड्यात ते बस्त्यावकडे गेले.

बस्त्याव म्हणजे आमच्या भागातला मिस्त्री. तरुणपणी मुंबईत बसगाड्यांच्या डेपोत काम केलेला, त्यामुळे त्याच्या तोंडी जगातल्या सगळ्या इंजिनांची नावं. हो म्हणायला त्याला वेळ लागत नसे, जमेल का हे तो नंतर बघायचा. भाऊ, तुमची गाडी बुटकी आहे, तिला उंच करू, असं त्यानं बाबांना सांगितलं आणि दोघं लहान मुलांसारखे कामाला लागले. आमच्या अंगणात चार दिवस गाडी लाकडाच्या ओंडक्यांवर चढून बसली होती. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या चळतीत बस्त्यावनं जादा पाटे घातले, लांब बोल्ट करून आणले. त्याच रिंगेवर लहान ट्रकचे टायर बसतात हे कळल्यावर बाबांना रात्री झोप आली नाही. टायर आले, चढवले, स्टिअरिंग फिरवलं तर चाक मडगार्डला घासायला लागलं. बस्त्यावनं खडूनं रेघ मारली आणि पत्रा कापून टाकला. सायलेन्सरचं तोंड वर वळवलं. हौद्यावर ताडपत्रीसाठी लोखंडी कमानी होत्या, त्या खिळखिळ्या झाल्या होत्या, त्याही वेल्ड करून पक्क्या केल्या. काठी घेऊन तो सारखा काहीतरी मोजत असायचा. जमिनीपासून इंजिन किती, सायलेन्सर किती, गासचं पाणी किती. बाबा त्याच्यामागे ती मापं मोठ्यानं म्हणत फिरायचे.

गाडी ओंडक्यांवरून उतरली तेव्हा आळीतली सगळी माणसं जमली. आईनं ओवाळलं, चारही टायरांना कुंकू लावलं. कुंकू लावताना तिला वाकावं लागलं नाही, हे मला त्या क्षणी गमतीचं वाटलं होतं.

आषाढात आई विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरली होती. पडलेलं आम्ही पाहिलं होतं, पण ती लगेच उठली, लुगडं झटकलं, घागर पुन्हा भरली. त्यावर आम्ही काय समजणार? नंतर ती चुलीशी उकिडवी बसायची ती पाटावर बसायला लागली, आणि तिच्या खोलीत तिळाच्या तेलाचा वास यायला लागला. मी एकदा विचारलं. थंडीनं अंग आखडतं गं, म्हणाली. तिचं सगळं असंच. ताप आला तर ती अंगाला ऊन लागलं म्हणणार. जुन्या बुटक्या गाडीत ती बसायची ती उंबरा ओलांडावा तशी, एक पाय आत, दुसरा आपोआप मागून. त्यात गुडघ्याचं काही काम पडत नव्हतं.

कुंकू लावल्यानंतरच्या सोमवारी आम्ही माल भरला आणि आई नेहमीप्रमाणे दाराशी आली. सीट तिच्या छातीशी. तिनं वरची दांडी धरली, पाय उचलला, तो अर्ध्यावर थांबला. बाबांना वाटलं लुगडं आड येतंय. त्यांनी घरातून स्टूल आणलं, चिखलात ठेवलं, तिचा दंड धरला. स्टुलाचा एक पाय रुतला आणि आई बाबांच्या अंगावर आली. पडली नाही. पण गाडी बघायला आळीतले पुरुष उभे होते, त्यातले काही हसले. वाईट मनानं नाही, माणूस घसरलं की हसू येतं तसं. कोणीतरी म्हणालं, वहिनींना दोघांनी उचलून ठेवा. आईनं दंड सोडवून घेतला.

"मी काय केळीचा लोंगर आहे, उचलून ठेवायला?" ती म्हणाली आणि घरात गेली. मागाहून मला आतून सांगून पाठवलं की घरात श्रावणाची कामं पडलीत, फुलं फिलूकडे द्या, ती विकेल.

पुढचे आठवडे बाबांचे होते. त्यांच्यासारखा सुखी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही फारसा पाहिला नाही. गासचं पाणी आता त्यांना ओलांडायचं नव्हतंच, ते त्यातून मिरवत जायचे. एस.टी. अलीकडे थांबलेली, लोक छत्र्या घेऊन उभे, आणि आमची गाडी दोन्ही बाजूंना पाणी फाकवत मधून. त्या गाडीतून एक बाळंतीण दवाखान्यात गेली, चर्चचे फादर आजारी माणसाला भेटायला गेले, एक नवरदेव तर मुंडावळ्यांसकट गेला. उंचावर बसल्यामुळे बाबांना कुंपणापलीकडचं सगळ्यांचं दिसायला लागलं. कोणाची केळ व्याली, कोणी पाटाचं पाणी आपल्याकडे वळवलं, कोणाच्या विहिरीवर भांडण. घरी आले की बातम्या सांगायचे. विहिरीवर धुणं धुणाऱ्या बायकांनी शेवटी आईकडे तक्रार केली की भाऊंना म्हणावं, आमच्या कुंपणाशी हॉर्न वाजवत जा. गाडीचे तोटेही होते. स्टिअरिंग एवढं जड झालं होतं की बाबांचे खांदे दुखायचे, आणि मोठ्या चाकांना ओढताना इंजिन रडायचं. पण त्याबद्दल बोलायचं नाही असा बाबा आणि बस्त्याव यांच्यात अलिखित करार होता.

आई ओट्यावर बसून जुड्या बांधायची. कोणी गाडीचं कौतुक केलं की तीही चांगली आहे म्हणायची. तिचा राग नव्हता, निदान दिसत नव्हता. ती फक्त बाजाराबद्दल विचारायची नाही, आणि तेच मला सोसायचं नाही. पूर्वी मी एखाद्या दिवशी एकटी गेले तर परत आल्यावर शंभर प्रश्न. आता मी आपणहून सांगायला लागले तर ती उठून आत जायची. चाफा माळणाऱ्या शाळेच्या बाईंनी तुझी चौकशी केली असं एकदा सांगितलं. त्या दिवशी तिनं बांधलेल्या जुड्या सैल होत्या, मी त्या गुपचूप पुन्हा बांधल्या. बाबांना यातलं काही कळत नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की बायकोला घरात कामं आहेत आणि आपण तिला पावसातल्या हालांतून सोडवलं. मी त्यांना एकदा म्हटलं की आईला यायचंय. ते म्हणाले, अगं मग ये म्हणावं की, मी कुठे नको म्हणतोय?

माणसांवरची माया आणि माणसांकडे बघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कळायला स्वतःचा संसार करावा लागला. असो.

मग फिलूबायचा निरोप आला. हरतालिकेच्या दोन दिवस आधी मी फुलं द्यायला गेले तेव्हा ती नेहमीसारखी हसली नाही. आईच्या जागेवर तिचं गोणपाट होतं आणि त्याच्या कडेला एक नवीन बाई टोपली टेकवून उभी होती. फिलूबाय म्हणाली, आईला सांग, मी श्रावणभर राखली. हरतालिकेला अख्खा बाजार भरतो, त्या दिवशी मोकळी जागा राखली तर लोक मला खातील. त्या दिवशी आली तर तिची, नाही आली तर मी गोणपाट उचलते. हे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती रडकी बाई मुळीच नव्हती.

मी घरी येऊन सांगितलं. आईनं ऐकलं, हातातली जुडी पुरी केली, आणि म्हणाली, कोणाला तरी मिळू दे. गरजू असेल ती. बाबा आंघोळीला गेले होते. त्यांनी ऐकलं नाही, आणि आईनं मला शपथ घातली की सांगायचं नाही.

आता मांडवाचं सांगायला हवं. आमच्या घराच्या ओट्याला लागून कौलारू मांडव होता, एरवी गाडी त्यातच उभी असायची. उंच केल्यापासून मात्र बाहेर, कारण बस्त्यावनं काठीनं मोजून सांगितलं होतं की कमानी तुळईला दोन बोटं लागतात. हरतालिकेच्या आदल्या दिवशी बाबा येताना आळीतल्या चार घरांसाठी पेंडीच्या गोणी भरून घेऊन आले. पाऊस धो धो पडत होता. गोणी भिजू नयेत म्हणून त्यांनी सहज मांडवाकडे गाडी वळवली, आणि काय आश्चर्य, कमानी तुळईखालून अलगद आत आल्या. बाबा एवढे खूश झाले की बस्त्यावला मोजता येत नाही असं त्यांनी जेवताना तीनदा म्हटलं. गोणी तिथेच उतरवल्या, ज्याच्या त्यानं डोक्यावरून घरी नेल्या. पत्री, दुर्वा, पानं आम्ही मांडवातच कोरडी कोरडी भरली. एवढी सुखाची भरती कधी झाली नव्हती.

पहाटे बाबांनी गाडी सुरू केली, गाडी हातभर पुढे आली, आणि वर कडकन आवाज झाला. दोन कौलं खाली पडून फुटली. ओझ्यानं दबलेले पाटे गोणी उतरल्यावर आरामात वर आले होते, आणि गाडी मांडवात अडकली होती. बस्त्यावचं माप बरोबर होतं. फुलांना मेलं वजन कुठलं? हौदा काठोकाठ भरलेला, पण सगळा मिळून एका गोणीएवढाही नाही.

चांदीप गावचा काशिनाथ आमच्या वाडीत कामाला असायचा. तो गासपर्यंत जाऊन बघून आला होता. "पानी चढतंय भाऊ, आता नाय निघालो तर मोठ्या चाकांनी पन नाय जमायचं," तो म्हणाला. टायरांतली हवा सोडू असंही त्यानं सुचवलं, पण घरात सायकलचा पंप, त्यानं ते टायर पुढच्या गणपतीपर्यंत भरले नसते. कमानी वेल्ड केलेल्या. तुळई काढावी तर छप्पर अंगावर. गोणी परत मागाव्यात तर लोकांनी त्या फोडून पेंड भिजत घातलेली. बाबा गाडीभोवती दोन फेऱ्या मारून ओट्याच्या कडेला बसले. मग मीच म्हटलं की वजनच हवंय ना, गोणी डोक्यावर आणाव्या लागतात, माणसं पायांनी येतात.

मी आळीत हाका मारत सुटले. अंगावर घोंगडी, डोक्यावर इरली घेऊन माणसं आली. बस्त्याव अर्ध्या दाढीला साबण लावलेला तसाच आला. बायका आल्या, हरतालिकेचा उपास धरलेल्या, न्हालेल्या, ओल्या केसांच्या. सगळे हौद्याच्या कडांवर, मागच्या फळक्यावर, टोपल्या मांडीवर घेऊन बसले. गाडी हळूहळू खाली बसत गेली. बस्त्याव खालून वर बघत होता, त्याची काठी तुळईच्या आणि कमानीच्या मधे शिरत नव्हती, मग जरा शिरली, मग अडली. अजून एक माणूस पाहिजे, म्हणाला. सगळ्यांनी आळीकडे पाहिलं. येण्यासारखं कोणी उरलं नव्हतं.

आई ओट्यावर उभी होती. तिनंही उपास धरला होता, उठल्यापासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. मांडवात गाडी ओट्याला लागून उभी होती आणि उंच केलेला हौदा बरोबर ओट्याच्या पातळीवर आला होता. अंगणातून जी गाडी तिला डोंगर झाली होती, ती इथे नुसती एक पाऊल पलीकडे होती. इतक्या दिवसांत कोणाच्या डोक्यात हे आलं नव्हतं, कारण गाडी मांडवात यायचीच नाही. आईनं एकदा हौद्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. मग तिनं जुन्या गाडीत टाकायची तसा एक पाय आत टाकला, दुसरा मागून आला, आणि ती दुर्वांच्या टोपल्यांमध्ये माझ्याशेजारी येऊन बसली.

तिच्या वजनानं किती फरक पडला असेल देव जाणे. गाडी कौलांना खरवडत, करकरत बाहेर आली एवढं खरं. अंगणात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि एकेक करून उड्या मारून उतरले. आई उतरली नाही. बाबा मागे आले, पुढे येऊन बस म्हणाले.

"इथेच बसते. उतरले तर मला पुन्हा चढता येणार नाही," आई म्हणाली.

बाबांना काही कळेना. चढता येणार नाही म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं, आणि मग बहुधा त्यांना स्टूल आठवलं, विहीर आठवली, पाट आणि तेल आठवलं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. एवढे दिवस बोलली का नाहीस, म्हणाले. आईनं आवाज चढवला नाही.

"तुम्ही पाणी मोजलंत, मडगार्ड मोजलंत, मांडव मोजलात. माझा पाय कुठवर उचलतो ते मला कोणी विचारलं?"

आळीतली माणसं एकदम इकडेतिकडे बघायला लागली. बस्त्यावनं गालावरचा साबण पुसला. बाबा पुढे जाऊन बसले आणि गाडी निघाली.

पुढे त्या गाडीला पायरी आली, दांडी आली, बस्त्याव स्वतः येऊन आईला विचारून विचारून ती लावून गेला. आई नंतर बरीच वर्षं पिंपळाखाली बसली. फिलूबाय आधी गेली, आई नंतर. निर्मळची वाडी माझ्या भावाकडे आहे, अर्धी आहे, अर्धी नाही. बाबांनी ते मोठे टायर झिजेपर्यंत वापरले आणि पुन्हा तसे घेतले नाहीत. कारण कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. यातलं कुठलंच मला श्रावणात आठवत नाही. आठवतो तो त्या सकाळचा रस्ता. गासचं पाणी दोन्ही बाजूंनी फाकत होतं, ताडपत्रीवर पाऊस वाजत होता, आणि आई पत्रीच्या ढिगात पाय पसरून बसली होती. खाजणात बगळे होते. ती मला म्हणाली, हे इथून किती छान दिसतं गं. गाडी उंच केल्यापासून ती पहिल्यांदाच तिच्यात बसली होती हे तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मला रडू आलं. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, पाऊस आत येतोय म्हणाली.

बाजार गच्च भरला होता. फिलूबाय गोणपाटावर हात ठेवून उभी होती आणि ती नवीन बाई तिच्याशी हुज्जत घालत होती. आमची गाडी पाहिली आणि फिलूबायनं हुज्जत मधेच सोडली. बाबांनी गाडी वळवून मागची बाजू बाजाराकडे केली, उतरून आले, फळका खाली सोडला. हौद्यापासून चिखलापर्यंतचं अंतर आता त्यांना दिसत होतं. कोणीतरी फळांचा लाकडी खोका आणून ठेवला. आईनं खोक्याकडे पाहिलं, चिखलाकडे पाहिलं आणि मान हलवली. गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली होती.

बाबांनी खोका बाजूला सारला. धोतर वर खोचलं, एक गुडघा चिखलात टेकला आणि दुसरा पाय आडवा धरून मांडी सपाट केली. ह्यावर पाय ठेव, म्हणाले.

आई मागे सरली. त्या दिवशी बाजारातल्या निम्म्या बायका नवऱ्याच्या आयुष्यासाठी उपाशी होत्या. नवऱ्याला चुकून पाय लागला तरी वाकून नमस्कार करणाऱ्यांतली ती. आणि तो दिवस कसला.

"अहो, आज हरतालिका आहे," ती हळूच म्हणाली.

"उपास माझ्यासाठीच धरलायस ना?" बाबा म्हणाले. "मग मीच सांगतोय. ठेव."

आईनं पायातल्या चपला काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. पदर कमरेला खोचला, बाबांच्या खांद्यावर हात टेकला, आणि दुखरा पाय त्यांच्या मांडीवर ठेवला.